माराचा आवाज

ठोसेमास्तरांनी आयुष्यात जेवढी माणसं लोळवली तेवढी एखाद्या फौजेनेही लोळवली नसतील. माना मुरगळल्या, बरगड्या मोडल्या, पोटात सुरे खुपसले, जबडे फोडले, आणि एवढं सगळं करून संध्याकाळी रिकामा डबा पिशवीत टाकून रस्त्याच्या कडेकडेने घरी गेले. वाटेत कुत्रं आडवं झोपलेलं दिसलं तर त्याला न उठवता वळसा घालून जाणारा हा माणूस. खरं आडनाव काहीतरी वेगळं होतं, ते पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळ्या स्टुडिओत ते ठोसेमास्तरच.

सिनेमातल्या मारामाऱ्यांना आवाज देणं हा त्यांचा धंदा. पडद्यावरचा ठोसा कोणालाच लागत नाही. नायकाची मूठ गालापासून वीतभर लांबून जाते आणि समोरचा गडी आपणहून कोलमडतो. त्या पोकळ ठोशात जीव ओतायचा तो मास्तरांनी. स्टुडिओच्या तळघरात त्यांची खोली होती. भिंतींना जाड कापडाच्या गाद्या, जमिनीवर लाकडी खोके, त्यात कुठे खडी, कुठे वाळू, कुठे फरश्या. एका बाजूला जुन्या बुटांची रांग, मोटारीचं एक सुटं दार, पाण्याचा टब, साखळ्या, काठ्या. नवखा माणूस आत आला तर भंगारवाल्याकडे आलो की काय असं वाटावं. पण मास्तरांना त्यातल्या प्रत्येक वस्तूचा गळा ठाऊक होता. मान मोडायची तर कोबीचा देठ ओल्या फडक्यात धरून पिळायचा. सुरा खुपसायचा तर कलिंगड. ठोशासाठी चामड्याची एक जुनी पिशवी, तिच्यात ओली वाळू, आणि मुठीला फडकं गुंडाळून असा दणका द्यायचा की सिनेमागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाने आपला गाल चाचपावा. सुरे खुपसून झालेलं कलिंगड बोळा खायचा.

बोळा म्हणजे रेकॉर्डिंग करणारा. कानाला सदैव हेडफोन, बोळे घातल्यासारखा, म्हणून बोळा. त्याची आणि मास्तरांची जोडी इतकी वर्षं टिकली, कारण काम करताना दोघंही बोलत नसत आणि जेवताना दोघंही थांबत नसत.

"मास्तरांचे कान म्हणजे कान आहेत," बोळा नव्या लोकांना सांगायचा. "वरच्या मजल्यावर कोणी चहात साखर ढवळली तर चमचा कोणत्या कपात फिरतोय ते सांगतील." यात बोळ्याचा तिखटमीठ लावण्याचा स्वभाव धरला तरी मास्तर तिखट कानाचे होते हे खरं. त्यांना स्वतःलाही ते माहीत होतं, आणि थोडं जास्तच माहीत होतं.

घरी त्यांची एक मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपून वाढवलं होतं, आणि तिचं लग्न ठरलं तेव्हा बिऱ्हाड कुठे करायचं यावर अडून बसले होते. शेजारची जागा रिकामी होती. जावयाला त्यांनी तीच घ्यायला लावली. "माझी मुलगी सासरी गेली ती भिंतीपलीकडे," असं ते मिशीत हसत सांगायचे. सकाळी ती डबा आणून द्यायची, संध्याकाळी जेवायला बोलवायची. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा होता. गोड बोलायचा, वाकून बोलायचा, सासऱ्याच्या ताटात आधी वाढायला लावायचा. आणि सासऱ्याच्या कामाचं त्याला काय ते कौतुक! दार उघडतानाच म्हणायचा, "काय बाबा, आज कोणाचा मुडदा पाडलात?"

मास्तरही खुलायचे. "जावईबापू, आज एका गोदामात सतरा जणांना एकट्याने झोपवलं."

संध्याकाळी जावई टीव्हीवर मास्तरांचेच सिनेमे लावायचा, आवाज पार वर नेऊन. भिंतीअलीकडे आरामखुर्चीत पडून मास्तर आपले ठोसे ऐकायचे. हा बरा पडलाय. हा जरा उशिरा आला. हा मात्र झकास. कलावंत माणसाला याहून वेगळं सुख काय हवं असतं?

फक्त एक गोष्ट त्यांना खुपायची. आपल्या ठोशांच्या मधेच पलीकडून दुसरा एक आवाज यायचा. बसका, कोंदट, एखाद्याने गादीवर थापट्या माराव्या तसा. त्यामागोमाग टक् असं काहीतरी लाकडी. सिनेमाच्या तालात तो कुठेच बसत नव्हता. मास्तरांनी ठरवून टाकलं, पोरगी गाद्या झटकतेय आणि पलंगाची फळी भिंतीला लागतेय. हातात काम घेतलं की ही वेळ बघत नाही, लहानपणापासूनची खोड.

तुम्हाला कळलं. मलाही कळलंय. मास्तरांना कळलं नाही. मुलीच्या मनगटाला फडकं दिसलं, ती म्हणाली वाफ लागली. कानाखाली निळं दिसलं, ती म्हणाली कपाटाचं दार. त्यांनी कपाटाच्या बिजागरीला तेल घातलं. याला कानाडोळा करणं म्हणत नाहीत, कानाडोळा करायला आधी कळावं लागतं. माराचा आवाज कसा असतो हे या जगात आपल्याला सर्वांत चांगलं माहीत आहे अशी त्यांची खात्री होती, आणि भिंतीपलीकडून येणारा तो आवाज तसा नव्हता.

एकदा तर त्यांनी तिला टोकलं. सकाळी डबा घेऊन आली होती.

"अगं, एक सांगू? संध्याकाळी सिनेमा चालू असताना तेवढा तो आवाज नको करत जाऊस. माझे ठोसे खराब होतात."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. डब्याचं झाकण तिच्या हातात होतं. मग तिने ते नीट लावलं, म्हणाली, "बरं, बाबा," आणि गेली. त्यानंतर तो आवाज भिंतीपासून लांब गेला, आतल्या खोलीत कुठेतरी. मास्तरांना बरं वाटलं. पोर शहाणी होती, एका शब्दात ऐकायची.

अशात तो सिनेमा आला. तो घेऊन आलेली बाई हडकुळी, पायात रबरी चपला, बोलायचं म्हणजे जणू शब्दाशब्दाला जकात भरावी लागते. दिग्दर्शन तिचंच होतं.

मास्तरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "मारामाऱ्या किती आहेत?"

"एक."

"बस? आणि बाकी?"

"बाकी तो माणूस आहे."

तो माणूस म्हणजे गावाबाहेर चुन्याच्या पडीक भट्टीत एकटाच राहणारा एक इसम. फुटक्या काचा वेचायच्या, धुवायच्या, पिशवीत भरून गावात नेऊन विकायच्या, एवढंच त्याचं आयुष्य. गावातले लोक त्याच्याशी बोलत नाहीत. का बोलत नाहीत ते सिनेमा सांगत नाही. संगीत नाही, गाणं नाही, तो स्वतः तर जवळजवळ मुकाच. पहिल्यांदा बघताना मास्तरांचा डोळा लागला. दचकून जागे झाले तेव्हा तो माणूस मघाचीच काच धूत होता.

"बोळ्या, मशीन अडकलं का रे?"

"नाही मास्तर. सिनेमाच असा आहे."

"याला काही होणार आहे का?"

"मला तर वाटतं, आपल्यालाच काहीतरी होईल," बोळा म्हणाला.

पण काम ते काम. आवाज द्यायचा म्हणजे प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा बघायचा. इतर सिनेमांत मास्तर पडद्यावर फक्त हात आणि पाय बघायचे. तोंड बघायला तिथे वेळच नसायचा. इथे वेळ मिळाला, इतका की करायचं काय ते कळेना. म्हणून बघत राहिले. काच धुण्याचा आवाज काढायला टबात हात घातला, बघत राहिले. आणि मग पावलांचं काम करताना ते मधेच थांबले. हातात चढवलेले बूट खडीवर तसेच राहिले.

"बोळ्या, मागे घे. अजून. आता बघ. भट्टीवर असतो तेव्हा हा चालतो कसा? मांजरासारखा. आणि आता गावात शिरतोय बघ. टाच आपटतो, दिसलं? मुद्दाम पाय वाजवतो."

"मग?"

"मग काय मग! लोक दचकू नयेत म्हणून. आपण येतोय हे त्यांना आधी कळावं म्हणून. दचकलेला माणूस मारतो रे."

त्या दिवसापासून मास्तर त्या सिनेमाचे होऊन गेले. बोळा कंटाळून जांभया द्यायचा आणि हे त्याच्यावर खेकसायचे. काही होत नाही कसं? काल पिशवी डाव्या खांद्यावर होती, आज उजव्या खांद्यावर, म्हणजे डावा दुखतोय, म्हणजे मधे काहीतरी झालं जे आपल्याला दाखवलं नाही. डोळे काय कलिंगड खायला दिलेत का? असं लोकांना सांगत सुटायचे, चहावाल्यालाही सोडलं नाही. एका धुतलेल्या काचेतून तो इसम सूर्याकडे बघतो, बराच वेळ बघतो, तेवढा तुकडा तर त्यांनी आवाजाचं काहीच काम नसताना परत परत लावायला लावला. मारामाऱ्यांच्या धंद्यात केस पांढरे झाले, पण पडद्यावरच्या माणसाबद्दल त्यांना वाईट वाटलं ते पहिल्यांदाच.

जेवतानाही तेच. जावयाने घास थांबवून विचारलं, "मारामारी नाही, बाबा? मग बघायचं काय त्यात?"

"तो माणूस बघायचा."

जावई हसला. मुलगी पाणी ओतत होती. तिने विचारलं, "तो तिथून निघून का जात नाही?"

"मीही बाईंना हेच विचारलं," मास्तर म्हणाले. "त्या म्हणाल्या, कुठे जाईल?"

पेला भरून वाहिला. जावई तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "लक्ष कुठे आहे?" ती फडकं आणायला उठली, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की तिच्या पावलांचा आवाज होत नाही. लहानपणी हीच पोर जिने दणाणून टाकायची. आता स्वयंपाकघरात गेली आणि आली, काही ऐकूच आलं नाही. घास तसाच धरून ते तिच्या पायांकडे बघत राहिले. जेवण झाल्यावर जावयाने टीव्ही लावला आणि ते विसरून गेले.

शेवटी ती एकुलती एक मारामारी आली. मारामारी कसली, नुसता मार. भरदुपारी, मोकळ्या जागेत, लांबून घेतलेलं दृश्य. आधी ज्यांना आपण गिऱ्हाईकाची दाढी करताना, छत्री उघडताना, दूध मोजताना बघितलं तीच साधी माणसं त्या इसमाला घेरतात आणि मारतात. कोणी ओरडत नाही. कॅमेरा जवळ जात नाही. तो खाली पडतो, गुडघे पोटाशी घेतो, आणि ते मारत राहतात. इतका वेळ मारतात की बघणाऱ्याला वाटावं, आता कोणीतरी येईल. कोणी येत नाही.

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. हे त्यांचं रान होतं. पिशवीत वाळू भरली, मुठीला फडकं बांधलं आणि असे ठोसे हाणले की बोळ्याने हेडफोन कानावरून जरा सरकवला.

"नको," बाई म्हणाली.

वाळू बदलली. चामडं बदललं. "नको." खाटकाकडून मांसाचा मोठा तुकडा आणून भिंतीवर टांगला आणि काठीने झोडपला, खोलीभर रक्ताचे शिंतोडे उडाले. "नको." मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी स्वतःच्या मांडीवर मुठी मारल्या, मांडी काळीनिळी होईपर्यंत. बोळ्याने बिचाऱ्याने पाठ पुढे केली, त्याच्या पाठीतही चार गुद्दे घातले, आणि बोळा कळवळून खाली बसला.

"हा सिनेमातला मार आहे," बाई म्हणाली.

"मग दुसरा कुठला असतो?" मास्तर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा दिग्दर्शकावर ओरडले. चामड्याची ती पिशवी त्यांनी हिसडून भिंतीवर फेकली, शिवण फाटली आणि वाळू सगळीकडे सांडली. "माझे केस पांढरे झाले यात! तुम्ही मला शिकवणार?"

बाईने आवाज चढवला नाही. "तुमचा मार लोकांना ऐकवण्यासाठी आहे, मास्तर. मारणाऱ्याला आवाज नको असतो."

बोळा वाळू गोळा करत होता. मास्तर एका खोक्यावर बसले होते, हाताची सालटी निघालेली. आवाज नको असलेला आवाज. बसका, कोंदट. असा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय, रोज ऐकत होतो, याचा त्यांना भास झाला आणि मग आठवलंच. ते उठले. कोपऱ्यात वापरातून गेलेली एक गादी होती, ती भिंतीला उभी लावली. मागे लाकडी फळी ठेवली. मुठीवरचं फडकं सोडून टाकलं.

"बोळ्या, घे."

त्यांच्या कानाची स्मरणशक्ती अशी की एक आवाज आठवला की त्याच्या मागेपुढे असलेलं सगळं आठवायचं. म्हणून त्यांनी नुसती थाप मारली नाही. जसं ऐकलं होतं तसंच केलं. दोन थापा, लागोपाठ. मग थांबायचं. या थांबण्यातच खरी गंमत होती, कोणीतरी विचार करतंय असं थांबायचं. मग एक, जरा खालून. आणि त्यामागोमाग बोटांच्या पेरांनी फळीवर, टक्. मग पाय ओढल्यासारखं थोडंसं घासणं. मग पुन्हा दोन.

झालं तेव्हा ते वळले. बाई उभी राहिली होती.

"हाच," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हा कुठे ऐकलात तुम्ही?"

"घरी," मास्तर जिंकल्यासारखे म्हणाले. "मुलगी भिंतीपलीकडे राहते माझी. संध्याकाळी गाद्या झटकते."

बोळ्याने हेडफोन काढला. तो कधी काढत नसे.

"आमची आईसुद्धा झटकायची," बाई म्हणाली. "आम्हा भावंडांना तेच सांगायची. आवाज कसला गं, विचारलं की गाद्या झटकत होते म्हणायची." मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "मास्तर, ते शेवटचं टक् काय आहे?"

मास्तर सांगायला गेले, पलंगाची फळी. पलंग त्या भिंतीला नव्हताच. पलंग आतल्या खोलीत होता, त्यांनी स्वतः लावून दिला होता. त्या भिंतीला लागावं असं तिथे काही नव्हतं. मुलीचं डोकं सोडून.

डबा, पिशवी, चपला सगळं तिथेच राहिलं. आवाजासाठी हातात चढवायचे ते कोणाचे तरी मोठे बूट पायात अडकवून ते धावत सुटले. रस्त्यात काय आडवं आलं, कोण शिव्या देऊन गेलं, त्यांना पत्ता नव्हता. जिन्यातच टीव्ही ऐकू आला. त्यांचाच सिनेमा, गोदामातला. सतरा जणांना झोपवण्याचा प्रसंग. दणादण ठोसे पडत होते, झकास पडत होते, आणि त्यांच्या खाली, त्यांच्या आडोशाला, आतून थप. थप. थांबणं. थप.

जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. दार उघडून आत शिरले. पहिली खोली रिकामी, टीव्ही भिंती हादरवतोय, आणि टीव्हीवर जावयाचं घड्याळ. काढून, पट्टा सरळ करून, नीट ठेवलेलं. आतल्या खोलीत कपाट आणि भिंत यांच्या फटीत मुलगी बसली होती, दोन्ही हात डोक्यावर. तिच्या तोंडात पदराचा बोळा होता. जावयाच्या बाह्या दुमडलेल्या. तो घामाघूम झाला होता, एखादं लिफ्टचं काम करत असल्यासारखा.

मास्तरांनी आधी मागे जाऊन टीव्ही बंद केला.

एकदम शांत झालं. जावई वळला. "बाबा, तुम्ही? आज लवकर?"

मास्तरांनी त्याला मारलं. सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. त्यांची मूठ त्याच्या कपाळाच्या हाडावर बसली आणि त्यांचीच बोटं मोडली. आवाज झाला तो सुपारी फुटल्यासारखा, तोही हाताच्या आतून. जावई एक पाऊल मागे गेला, मग पुढे आला, आणि त्याने त्यांच्या तोंडावर मारलं. सफाईने मारलं, सवय होती. मास्तर कपाटावर आपटले, खाली पडले. त्याने बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. मास्तरांनी त्याचा पाय धरला आणि पोटरीचा चावा घेतला, दात रुतेपर्यंत, आणि सोडला नाही. तो त्यांच्या पाठीवर, मानेवर, जिथे मिळेल तिथे मारत होता. नाकातून रक्त घशात जात होतं, श्वास घेता येत नव्हता, आणि या सगळ्याचा आवाज म्हणाल तर तो शेजारच्या खोलीतही गेला नसता.

मग मुलगी उठली. इस्त्री खिडकीत होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि नवऱ्याच्या कानावर हाणली. तो खाली बसला. कानावर हात धरून तिच्याकडे नवलाने बघत राहिला, बोटांतून रक्त येत होतं. तिने इस्त्री पुन्हा उचलली तेव्हा तो सरपटत दाराकडे गेला आणि जिन्यावरून धडपडत पळाला. घड्याळ तिथेच राहिलं. समोरच्या बिऱ्हाडाचं दार बोटभर उघडलं आणि मिटलं.

पुढचं सगळं यथासांग झालं, दवाखाना, पोलीस, कोर्टकचेरी. जावयाला आता एका कानाने ऐकू येत नाही म्हणतात. मास्तरांना त्याचं काडीचं वाईट वाटत नाही, आणि मला तर मुळीच नाही.

मुलगी भिंतीअलीकडे राहायला आली. मास्तरांना एकच गोष्ट जाळत होती. हात प्लास्टरमध्ये, बरगड्या बांधलेल्या, अशा अवस्थेत त्यांनी तिला किती वेळा विचारलं असेल, "अगं, मी इथे हातभर अंतरावर होतो. मला का नाही सांगितलंस?" ती उत्तर द्यायची नाही. औषध आणून द्यायची, खिडकी लावायची, पण यावर तिचं तोंड उघडायचं नाही. मग ते विचारायचे थांबले, पण प्रश्न तसाच राहिला. रात्रंदिवस त्यांच्या उशाला बसून.

बाई एकदा घरी आली. दारातच म्हणाली, "मास्तर, तो आवाज मी पुसते. काहीतरी दुसरं करू." मास्तर म्हणाले, "मुलीला विचारून सांगतो." आणि त्यांना विचारताच आलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार, की तुझा मार मी सिनेमात वापरू का? विचारलं नाही आणि सांगितलंही नाही, म्हणून सिनेमात तो आवाज तसाच राहिला. सिनेमा लागला तेव्हा त्यांनी घरात अवाक्षर काढलं नाही. मुलीनेच रस्त्यातल्या भिंतीवरचं पोस्टर बघितलं आणि म्हणाली, "मला बघायचाय तो माणूस." त्यांनी सतरा कारणं सांगून पाहिली. ती चपला घालून दारात उभी राहिली.

दुपारचा खेळ. लोक थोडे, त्यातलेही काच धुताना निम्मे उठून गेले. एकजण घोरत होता. मुलगी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती. तो इसम गावात शिरताना टाच आपटू लागला तेव्हा ती पुढे वाकली. मास्तरांना वाटलं होतं तिला समजावून सांगावं, बघ, हा असं का चालतो. सांगायची गरज नव्हती. त्या पावलांचं तिला जेवढं कळत होतं तेवढं मास्तरांनाही कळलं नव्हतं. त्यांच्या मनात विचार येत होता तो एवढाच, की आता उठावं, पोट दुखतंय म्हणावं, हिला घेऊन बाहेर जावं. उठवेना.

मग भरदुपारचं ते दृश्य आलं. दाढी करणारा, दूधवाला, छत्रीवाली बाई. थप, थप. थांबणं. थप. टक्.

मागच्या रांगेतला कोणीतरी म्हणाला, "च्यायला, मारतायत तर आवाज कुठाय?" आणि उठून चालता झाला.

मुलगी हलली नाही. तिने मान वळवली नाही. पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतंत ना, बाबा. आवाज नको करत जाऊस, माझे ठोसे खराब होतात."

मास्तरांना आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. मग कळलं.

"तुमचे कान," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला सगळं ऐकू येतं. वाटलं, ऐकूनच सांगताय, गप्प बस म्हणून. मग मी आतल्या खोलीत जायला लागले. तोंडात पदर घालायला लागले. म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

"अगं," म्हणत मास्तर तिच्याकडे वळले. त्यांनी तिचा हात धरायला आपला वाकडा जुळलेला हात पुढे केला. तिने तो घेतला, मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने त्यांना गप्प राहायची खूण केली.

"थांबा ना बाबा. तो आता कुठे जातो ते बघू द्या."

पडद्यावर लोक निघून गेले होते. तो इसम उठून बसला होता आणि फाटक्या पिशवीतून सांडलेल्या काचा एकेक करून वेचत होता. त्या काचांचा आवाज मास्तरांनीच दिला होता. तो अजून बराच वेळ चालणार होता हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना तो शेवटपर्यंत ऐकावा लागला.